‘समाजात प्रथा आहे’ म्हणून डांबायचं?
पिटाच्या, म्हणजे वेश्याव्यवसायाशी संबंधित अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या, केसमध्ये दलालाची बाजू मांडणं त्या मानाने सोपं. धाडीत ‘सुटका’ झालेल्या बाईची बाजू मांडणं अवघड, कारण तिच्यावर गुन्हा नसतो आणि तरी कोंडतात तिलाच.

कलम १७ प्रमाणे तिला मॅजिस्ट्रेटपुढे आणतात, चौकशी होईपर्यंत जास्तीत जास्त तीन आठवडे संरक्षणगृहात ठेवतात. तेवढ्यात प्रोबेशन ऑफिसरने चौकशी करून अहवाल द्यायचा. त्यावरून कोर्ट तिला एक ते तीन वर्षं ठेवू शकतं. म्हणजे सगळी मदार अहवालावर.

परवा नागपूरच्या कोर्टात मिळालेला अहवाल दोन पानी होता. बाई २९ वर्षांची, बेडिया समाजाची, गंगाजमुना ही नागपूरची वेश्यावस्ती ऑगस्ट २०२१ मध्ये सील झाली तेव्हा तिथून उठलेली. मुलाच्या शाळेच्या फीच्या पावत्या तिने पिशवीतून काढून दिल्या. अहवालात त्यांचा उल्लेख नाही. गृहभेटीची तारीख कोरी. ‘पूर्वेतिहास’ रकान्यात मात्र ठसठशीत लिहिलेलं: ‘सदर महिलेच्या समाजात मुली वयात आल्यावर त्यांना या व्यवसायात घालण्याची प्रथा असल्याने पालकांकडे ताबा देणे उचीत नाही.’ २९ वर्षांच्या बाईचा ताबा! दुसऱ्या एका जुन्या फाइलमध्ये हेच वाक्य निघालं, ‘उचीत’मधल्या दीर्घ ‘ची’सकट. ऑफिसरांकडे कामाचा ढीग असतो, मान्य. पण ही चौकशी नव्हे, नक्कल आहे.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने बेडियांसारख्या अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण या समाजांतल्या बायकांकडे बघायची नजर तीच राहिली. मुंबईत अशाच प्रथेचा हवाला असलेल्या अहवालानंतर तीन सज्ञान महिलांना वर्षभर ठेवण्याचा आदेश झाला होता. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. वेश्याव्यवसाय हा या कायद्याखाली मुळात गुन्हाच नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मी तो निकाल जोडला, देहविक्रय करणाऱ्या बायकांना सन्मानाने वागवा, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२२ चा आदेशही जोडला. शिवाय मॅजिस्ट्रेटच्या मदतीला कायद्याने सांगितलेलं पाच जणांचं पॅनल, ज्यात शक्यतो तिघी बायका हव्यात, बोलावलंच नव्हतं, हे लेखी दिलं. आमच्यातले काही वकील अशा बाईला ‘राहा की वर्षभर, जेवण मिळतं’ म्हणून मोकळे होतात. याची मला चीड येते.

कोर्टाने तिला सोडलं. अहवाल मात्र रेकॉर्डवर आहे. पुढच्या धाडीत तोच तिचा पूर्वेतिहास म्हणून पुढे येणार. नक्कल अर्ज करून प्रत काढून घेतली आहे, आणि ते वाक्य वगळावं म्हणून वेगळा अर्ज टाकलाय. सरकारी पक्षाचा ‘से’, म्हणजे त्यावरचं लेखी म्हणणं, अजून आलेला नाही.