तिसरा दिवस कोराच ठेवला

मंगळवार, रात्री साडेदहा

पोरं झोपली, ओटा पुसून झाला, आत्ता कुठं वही घेऊन बसले. शेवटी दांडेलीचं ठरलं एकदाचं. नाताळच्या सुट्टीत पाच दिवस, आमची एर्टिगा, माणसं सहा. आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई आणि भाऊजी. थोरली आठवीत आहे, पुढच्या वर्षी क्लास लागला की असं पाच दिवस कुठं जायला मिळणार नाही, म्हणून मीच धरून बसलेले की या वर्षी जंगलातच जायचं, समुद्र नको मॉल नको.

जेवणं झाल्यावर यांनी कागद घेतला आणि मांडायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी बेळगावातल्या आमच्या शहापूरहून सकाळी निघून खानापूर, मग हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ, नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आणि संध्याकाळपर्यंत दांडेली. दुसऱ्या दिवशी पहाटे फणसोलीची सफारी. चौथ्या दिवशी गणेशगुडीला राफ्टिंग. पाचव्या दिवशी रामनगर, लोंढा करत घरी. मधला तिसरा दिवस रिकामा राहिला, आणि तो दिसला मात्र, सगळ्यांचेच हात शिवशिवायला लागले.

हे म्हणाले, अणशी घाट उतरून कारवार करू. भाऊजी म्हणाले, "वहिनी, रामनगरहून अनमोड घाट उतरला की गोवा की, सकाळी जाऊन रात्री परत." थोरलीला कॅसलरॉकचं रेल्वे स्टेशन बघायचंय. सासूबाई पान जुळवत बसलेल्या, त्या हळूच म्हणाल्या, "उळवी तिकडंच कुठंतरी आहे न्हवं?" धाकट्याला फक्त वाघ पाहिजे, दिवस कुठला का असेना.

मी तेव्हा काहीच बोलले नाही. पण अंथरुणावर पडल्यापासून डोक्यात एकच चाललंय, तो दिवस भरायचा नाही म्हणून. कसं सांगायचं ते सुचत नाहीय, म्हणून इथं लिहून बघते.

दोन वर्षांपूर्वीचं कारवार मी विसरलेले नाही. तेव्हाही असाच कागद होता, तीन दिवसांत सहा ठिकाणं, रोज रात्री वेगळी खोली, सगळ्यांचे पैसे आधीच भरलेले. अणशीच्या वळणांवर धाकट्याला उलट्या सुरू झाल्या, घाटाखालच्या कद्र्याला पोचेपर्यंत अंग तापलेलं. त्या दिवशी थांबायला हवं होतं, एवढंच. एक खोली, पेजेची वाटी आणि त्याला झोपू देणं. पण पुढची खोली भरलेली होती म्हणून आम्ही त्याला मांडीवर आडवं घेऊन अजून दोन तास गाडी हाणली. मी मागच्या सीटवर ओला रुमाल त्याच्या कपाळावर धरून बसलेले, बाहेर एवढं हिरवंगार जंगल पळत होतं आणि मला त्यातलं एक झाड आठवत नाही. यांची चूक म्हणत नाही मी, माझीही तेवढीच, मी तोंड उघडलं नाही. या वेळी उघडायचंय.

बुधवार, दुपार

सासूबाई झोपल्यात, तेवढ्यात लिहिते. प्रत्येकाच्या बेताचा नीट विचार केला, कारण नुसतं नको म्हटलं तर कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

गोवा तर आपण बेळगावकर कधीही जातो, चोर्ल्याहून उतरलं की आलंच, त्यासाठी जंगलातला दिवस कशाला घालवायचा. कारवारला घाट उतरायचा आणि परत चढायचा, म्हणजे धाकट्याच्या पोटाची पुन्हा परीक्षा. हे दोन्ही मनातून काढले.

कॅसलरॉकचं मात्र मन मोडवत नाही. थोरलीनं इतिहासाच्या बाईंकडून ऐकलंय की १९६१ पर्यंत तिथं देशाची हद्द संपायची आणि पुढं पोर्तुगीजांचं राज्य सुरू व्हायचं. मामंजी असते तर त्यांनी तिला कितीतरी सांगितलं असतं, ते रेल्वेत होते आणि लोंढ्याला बदली असताना कॅसलरॉकचं नाव घरात रोजच निघायचं. पाऊस, धुकं, आणि घाट उतरायला मागंपुढं इंजिनं लावलेली मालगाडी. थोरलीला वाटतंय की तिथून रुळावरून चालत दूधसागरला जाता येतं. मी तिला आजच सांगितलं की रुळावरून चालत जायला रेल्वेनं बंदी घातलीय, आणि बंदी नसती तरी मी सोडलं नसतं, बोगद्यात गाडी आली तर उभं राहायला जागा नसते. रुसली थोडी. पण मग म्हणाली, "आई, नुसतं स्टेशनवर बसू या की, आजोबांचं स्टेशन." हे मला एवढं लागलं की मी स्वयंपाकघरात निघून आले.

मग कागद परत बघितला. कॅसलरॉकचा फाटा रामनगरच्या बाजूलाच आहे, म्हणजे पाचव्या दिवशी येताना वाकडी वाट करून जाता येतं, त्याला वेगळा दिवस नको. तिकडून घरी यायला उशीर झाला तर होऊ दे, रस्ता आपला रोजचा आहे.

उळवीचं तसं नाही. लिंगायतांचे शरण चन्नबसवण्णा, त्यांची समाधी आहे तिथं, शेजारच्या काकू माघातल्या जत्रेला जाऊन आल्या की आमच्या घरी प्रसाद येतो, पूर्वी त्यांच्या माहेरचे लोक बैलगाड्या जुंपून जायचे म्हणे. सासूबाईंना जायचंय ते देवासाठी आणि काकूंसाठीही. पण रस्ता जंगलातला, वळणावळणाचा, आणि त्यांचे गुडघे दोन तासांपलीकडे दुमडून राहत नाहीत. जायचं तर तब्येत बघून, सकाळी उठल्यावर ठरवून. आधीच कागदावर लिहिलं की मग दुखत असलं तरी त्या "काय नाही गं" म्हणून गाडीत बसणार, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे.

शुक्रवार, रात्री

आज दांडेलीजवळच्या जोयड्याच्या अलीकडं एक होमस्टे आहे, तिथं फोन केला. कोकणी, मराठी, कन्नड तिन्ही एका वाक्यात बोलणारे काका, ऐकूनच बरं वाटलं. राफ्टिंगचं विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, ताई, ते आपल्या हातात नाही. सुपा धरणातून वीज करायला पाणी सोडलं की काळी नदीला जोर येतो आणि मग राफ्ट निघतात, नाही सोडलं तर नाही. आदल्या दिवशी कळलं तर कळलं.

फोन ठेवला आणि मला एकदम जाणवलं की हेच तर सांगायचं होतं. आम्ही चौथ्या दिवशी राफ्टिंग म्हणून लिहून ठेवलंय, पाणी तर त्यांच्या हिशेबानं येणार. तिसरा दिवस मोकळा असेल तर ज्या दिवशी पाणी त्या दिवशी थोरली, हे आणि भाऊजी जातील, उरलेल्या दिवशी आराम. तिसऱ्या दिवशी आम्ही कारवारला असलो आणि नेमकं त्याच दिवशी पाणी आलं, चौथ्या दिवशी नाही आलं, तर पोरीचा चेहरा बघायला नको. सफारीचंही तसंच. दुसऱ्या दिवशी दाट धुकं पडलं किंवा कुणी आजारी पडलं तर अजून एक सकाळ हाताशी राहते.

आणि म्हणूनच मोकळा दिवस मधेच पाहिजे. शेवटी ठेवला तर त्याचा काय उपयोग, तोपर्यंत जे बिघडायचं ते बिघडून झालेलं असतं, मग तो दिवस नुसता घरी लवकर येण्यात जातो. आमच्या ओळखीत सगळे तो शेवटीच ठेवतात आणि सोमवारी ऑफिस आहे म्हणून खाऊन टाकतात.

जेवताना यांना हे सगळं सांगितलं. त्यांना पाण्याचं लगेच पटलं, हिशेबाचं असलं की पटतं त्यांना. पण मग म्हणाले, "पाणी नाही आलं तर? दिवसभर तिथं करायचं काय?"

तेव्हा मी माझ्या माहेरचं सांगितलं. लग्नाला सोळा वर्षं झाली पण मी त्याबद्दल कधी नीट बोललेच नव्हते. माझं माहेर जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. मलप्रभा जिथं उगम पावते तिथल्या माऊलीच्या देवळात आम्ही दरवर्षी जायचो, आणि मागच्या बाजूला भीमगडचं रान. आता ते अभयारण्य झालंय, २०११ मध्ये, पण आमच्या लहानपणी ते नुसतं रान होतं आणि ते बघायला आम्ही कुठं जात नव्हतो, तेच यायचं. बाबा काजूच्या बागेच्या कडेला दगडावर बसायचे आणि मला गप्प बसवायचे. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच नसतं. मग एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर जातं. मग कुठंतरी उंबरावर मोठ्या चोचीचा धनेश पक्षी येतो, त्याच्या पंखांचा आवाज आधी येतो, कुणीतरी सूप पाखडतंय तसा, आणि मग तो दिसतो. बाबा म्हणायचे, रानाला आपली सवय व्हावी लागते. अस्वलाच्या भीतीनं अंधार पडायच्या आत घरी, तो नियम मोडायचा नाही. बाकी वेळ मात्र रानाचा.

जीपमध्ये बसून जे दिसतं ते वेगळं. सफारी वाईट नाही, मलाही जायचंय, धाकट्याला गवा जरी दिसला तरी तो वर्षभर सांगत बसेल. पण जीप पुढं जात राहते. दांडेलीचं जंगल आणि अणशीचं राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ पासून त्याला काळी नदीचंच नाव आहे, एवढ्या मोठ्या जंगलात दोन-तीन तास फिरून वाघ दिसेलच असं कुणी सांगू शकत नाही. पोरांनी वाघाची वाट बघत सगळं जंगल न बघताच यावं असं मला नको आहे. त्यांनी एक दिवस तरी एका जागी बसून बघावं की सकाळचं रान वेगळं असतं, दुपारी अकरानंतर कसं सगळं गप्प होतं आणि चारच्या सुमाराला परत कसं जागं होतं. हे त्यांना बाबा दाखवू शकले असते. ते आता नाहीत, तर मला दाखवायचंय.

हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अगं, हे आधी सांगायचं न्हवं."

शनिवार, संध्याकाळ

आज सगळ्यांना बसवून बोलले. कागद नवीन केला. पहिली रात्र दांडेली. दुसऱ्या दिवशी सफारी, मग लाकडाच्या डेपोकडं थोडं थांबायचं, तिथं धनेश बरेच येतात असं काकांनीही सांगितलं, आणि दुपारच्या जेवणाला होमस्टे. तिथून पुढं सलग तीन रात्री एकच खोली. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रोज सकाळी सहा माणसांच्या बॅगा भरायच्या आणि रोज रात्री उघडायच्या म्हणजे बाईच्या सुट्टीतले रोजचे दोन तास जातात, ते कागदावर कधी दिसत नाहीत.

भाऊजींनी गोव्याचा हट्ट सोडला नव्हता. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही एक दिवस गाडी न चालवता बसा, सहा महिने रोज धारवाड ये-जा करताय. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण सासूबाई म्हणाल्या, "बरोबर सांगतीय ती." तिथं विषय संपला.

सासूबाईंना मी सुपा धरणाचं सांगत होते, ते एकशे एक मीटर उंच धरण वगैरे, तर त्यांनीच मला सांगितलं की तिथं जुनं सुपं गाव होतं, ते पाण्याखाली गेलं, आणि तिथल्या पुष्कळ लोकांना रामनगरला आणून वसवलं. मामंजींबरोबर लोंढ्याला असताना त्यांच्याकडं दूध घालायला येणारी बाई त्यातलीच होती. आधी तालुका सुप्याचा, मग जोयड्याचा झाला. त्या बाईचं घर पाण्यात गेलं तेव्हा ती अंगणातली तुळस घेऊन आलेली, बाकी भांडीबिंडी नंतर आणली. हे सांगताना सासूबाई पाणी बघायचंय म्हणाल्या. उळवी नाही जमली तरी चालेल, ते पाणी दाखव. दाखवणारच.

काही गोष्टी मात्र पक्क्या ठरवून ठेवल्यात, मोकळा दिवस म्हणजे मोकाट दिवस नव्हे. काळी नदीत मगरी आहेत, त्यामुळं काका बोट दाखवतील तिथंच पाण्यात पाय घालायचे, आणि धाकट्याचा हात कुणातरी मोठ्याच्या हातात. जंगलात रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायचा आणि रोख पैसे जवळ ठेवायचे. पेट्रोल दांडेलीलाच फुल करायचं. ताप, उलटी, जुलाबाची औषधं डॉक्टरांना विचारून. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी सासूबाई करणार आहेत, काकांच्या घरासाठी अर्धा किलो कुंदा मी घेणार. कचऱ्याची पिशवी वेगळी, एकही रॅपर तिकडं टाकून यायचं नाही. पोरांना आत्तापासूनच सांगून ठेवलंय.

धाकट्यानं विचारलं, "आई, तिसऱ्या दिवशी किती वाजता उठायचं?" मी म्हटलं, जाग येईल तेव्हा. त्याला खरंच वाटेना, त्यानं परत त्याच्या बाबांना विचारलं. हे म्हणाले, "आई म्हणाली ना."

आत्ताच काकांचा परत फोन आलेला. खोल्या पक्क्या झाल्या. आगाऊ थोडेच पैसे घेतले. म्हणाले, अंगणात फणसाखाली लाकडी बाक आहे, तुमच्या सासूबाईंना पाठ टेकता येईल असा, आणि मागं वडाला फळं आलीत, पाखरं येतायत. जेवायला काय करू विचारलं तर मी म्हटलं तुमच्याकडं जे रोज होतं ते. जोयड्याकडं कंदमुळं चांगली मिळतात म्हणे, कुणबी लोक लावतात, त्यांचा तिथं मेळाही भरतो, तर त्यातलं काहीतरी उकडून ठेवतो म्हणाले.

सोमवारी गाडी गॅरेजला न्यायचीय. पुढचे दोन टायर बघून घ्यायचेत, स्टेपनीत हवा आहे का ते पण. आणि बाबांची जुनी दुर्बीण माहेरी माळ्यावर आहे, उद्या दादाला फोन करून ती बसमधून पाठवायला सांगायची.