कमाल, किमान आणि मधला मी

"आठवडाभर हवामान कोरडं राहील, आकाश निरभ्र, तापमान सरासरीपेक्षा किंचित कमी." झालं, संपला अंदाज. पाऊस नाही, वादळ नाही, इशारा तर नाहीच नाही. वसंताच्या सुरुवातीला असा एखादा आठवडा येतो आणि ॲपमध्ये ओळीने सात सूर्य दिसतात, सगळे सारखेच. मी ते बघून खूश होतो आणि दरवर्षी नेमका याच आठवड्यात गंडतो.

कारण त्या सूर्याखाली दोन आकडे असतात, कमाल २०, किमान ४. मी वाचतो फक्त २०. माणूस आशावादी असतो म्हणा किंवा आळशी म्हणा, पण चारच्या हवेत पातळ शर्टवर बाहेर पडल्यावर दात वाजायला लागतात तेव्हा कळतं की आपण दुपारचे कपडे घालून सकाळी निघालोय. दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून जाड स्वेटर घालतो, तर दोन वाजता तो कमरेला बांधलेला असतो आणि त्याची एक बाही सगळीकडे लोंबत, अडकत फिरते. सतत तळ्यात-मळ्यात.

याला जबाबदार तेच निरभ्र आकाश, ज्याचं आपण कौतुक करतो. जास्त दाबाचा पट्टा डोक्यावर येऊन बसतो, वरची हवा हळूहळू खाली उतरते, उतरताना तापते आणि ढग काही बनू देत नाही. मग दिवसा ऊन थेट जमिनीवर आणि रात्री जमिनीची सगळी उष्णता थेट आकाशात, अडवायला ना ढग ना पुरेशी वाफ. पांघरूण काढून झोपल्यासारखं. त्यात गंमत अशी की सगळ्यात जास्त थंडी मध्यरात्री नसते, सूर्य उगवल्यानंतर थोड्या वेळाने असते, कारण कोवळं ऊन जेवढं देतं त्यापेक्षा जमीन अजून जास्तच गमावत असते. म्हणजे "चला, ऊन पडलं" म्हणून मी ज्या क्षणी बाहेर पडतो तोच दिवसातला सगळ्यात गार क्षण!

आणि ते ४ पण खरे ४ नाहीत बरं का. हवेचं तापमान मोजतात ते जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटर वर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत. अशा शांत, कोरड्या रात्री खाली गवताजवळ त्याच्यापेक्षा बरंच कमी असू शकतं. मला हे एका कुंडीने शिकवलं. अंदाजात ३ होतं, शून्याच्या वर आहे ना, मग काय, म्हणून नुकतीच उगवलेली रोपं बाहेरच ठेवली. सकाळी पानांच्या कडांवर मिठासारखी पांढरी नक्षी, हात लावला तर कुरकुरीत, आणि दहा वाजेपर्यंत तीच पानं उकडल्यासारखी काळपट होऊन लोळलेली. अंदाज चुकला नव्हता, पण माझी रोपं दीड मीटर उंच नव्हती ना.

कोरडेपणाचंही असंच. सकाळी ॲप सांगतं आर्द्रता ९० टक्के, आणि मी म्हणतो अरे मग कोरडं कुठलं, थापा मारताय का. तर ते टक्के असतात त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते त्याचे. ४ अंशाची ९० टक्केवाली हवा दुपारी २० अंशांवर गेली की त्यातली वाफ एका थेंबानेही कमी न होता आकडा तीसेक टक्क्यांवर येतो. पाणी तेवढंच, भांडं मोठं झालं. ओठ फुटतात, दाराच्या हँडलला बोट लावलं की चटका बसतो, स्वेटर डोक्यावरून काढताना चटचट आवाज येतो आणि केस उभे. एकदा कुणाशी तरी हात मिळवताना दोघांनाही एकदमच शॉक बसला, नंतर दोघंही बोलायचं काय होतं तेच विसरलो.

तरी अंदाज देणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. १८६१ साली रॉबर्ट फिट्झरॉयने, हो तोच, डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचा कप्तान, वर्तमानपत्रात रोजचे अंदाज छापायला सुरुवात केली तेव्हाच तो बजावत होता की हे भविष्य नाही. मराठीत आपण सरळ 'अंदाज' म्हणतो, त्यात हा इशारा आधीच आलाय. मला जरा खटकते ती फक्त सरासरी. ती तीस वर्षांची असते, सध्या १९९१ ते २०२० ची धरतात, आणि दर दहा वर्षांनी पुढे सरकते. बहुतेक ठिकाणी सरकताना वरही चढते. म्हणजे आज जिला "सरासरीपेक्षा किंचित कमी" म्हणतात, तशा थंडीची पूर्वी कुणी दखलही घेतली नसती.

आत्ता संध्याकाळ होतेय. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून पायांपाशी आलंय, अजून दहा मिनिटं टिकेल, तेवढ्यात कुंडी आत घ्यायला हवी. मोजे कुठे ठेवलेत कोण जाणे.