सफोकच्या शेतात सापडलेला अर्धा पेनी

ऑगस्टअखेर गहू निघाला की इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यात मेटल डिटेक्टर घेऊन जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधणाऱ्यांची सुगी सुरू होते. उभ्या पिकात कोण शिरू देणार? शिवाय शेतमालकाच्या परवानगीशिवाय डिटेक्टर फिरवायचाच नाही, हा पहिला नियम. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हा नाद जुना. एका रविवारी त्याच्या मागे लागून मीही गेले.

धसकटांवरून डिटेक्टर जमिनीला जवळजवळ टेकवत, सावकाश डावी-उजवीकडे फिरवायचा. हेडफोनमध्ये लोखंड घोगरं बोलतं, चांदी-तांबं उंच सुरात. पण कॅनच्या झाकणांचे तुकडे आणि काडतुसांच्या पितळी टोप्याही तितक्याच गोड गातात, आणि दुपारपर्यंत माझ्या पिशवीत त्यांचीच भरती. सोबत एक शिशाची गोळी, जुन्या बंदुकीची.

जेवताना हॉक्सनचा विषय निघणारच. याच परगण्यातलं गाव. १९९२ मध्ये शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला एरिक लॉज गेले आणि त्यांना रोमन खजिना लागला: सोन्याचांदीची सुमारे पंधरा हजार नाणी, दागिने, चमचे. थोडं वर काढल्यावर त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवून टाकलं. त्यामुळे उरलेला ठेवा पुरातत्त्वज्ञांना जागच्या जागी, रचलेला होता तसा पाहता आला. हातोडाही मिळाला, तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

आपल्याकडे गुप्तधन म्हटलं की अमावास्या, मांत्रिक आणि कुजबुज. वास्तविक १८७८ चा कायदा अजून लागू आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवा. दहा रुपये! हंडा सापडलेला माणूस कळवायला जाईल की गप्प बसेल, हे सांगायला नको.

तीनच्या सुमारास बांधाजवळ बारीक, स्वच्छ सूर लागला. चार बोटं खाली ढेकूळ फुटलं आणि अंगठ्याच्या नखाएवढी काळपट चांदीची चकती दिसली, अर्धीच. कड मात्र सरळ. मोडलेली नव्हे, कापलेली. मित्र खूश. मध्ययुगात सुट्टे पैसे असे व्हायचे: पेनीवरच्या क्रुसाच्या रेषेवर कात्री चालवली की अर्धा पेनी, पुन्हा चालवली की पाव.

काठावर ‘रिकस’ एवढी अक्षरं शिल्लक होती. पूर्ण नाव हेन्रिकस, म्हणजे हेन्री. पण तेवढ्यावरून राजा ठरत नाही, कारण ११८० ते १२४७ पर्यंत रिचर्ड आणि जॉन गादीवर असतानाही नाण्यावर नाव हेन्रीचंच राहिलं. पेशवाईतल्या अंकुशी रुपयावर मोगल बादशहाचं नाव असायचं, त्यामुळे मला याचं फारसं नवल वाटलं नाही.

तीनशे वर्षांपूर्वीची सोन्याचांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र मिळाली, तर १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे चौदा दिवसांत कळवावं लागतं. एकटं नाणं त्यात बसत नाही, तरी आम्ही ते परगण्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरकडे, म्हणजे अशा सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नेलं. बाईंनी किमतीचं काही काढलं नाही. नकाशावर नेमकी जागा कोणती, किती खोल, आजूबाजूला आणखी काय लागलं, हेच प्रश्न. शिशाच्या गोळीचीही नोंद झाली. झाकणांचे तुकडे तेवढे परत दिले.