फेडर खाली घेतला तेव्हा

अमेरिकी कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसनवरच्या एकपात्री संगीत नाटकाचं साउंड मी सांभाळते. रंगमंचावर एक नट आणि एक पियानोवादक. बाकी सगळी माणसं माझ्या लॅपटॉपमध्ये.

सगळ्यात अवघड प्रवेश पोर्थकॉलचा. 1950 साली अमेरिकी सरकारने रोबसनचा पासपोर्ट काढून घेतला होता. म्हणून 5 ऑक्टोबर 1957 ला वेल्समधल्या खाणकामगारांसाठी तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून गायला आणि त्याचा आवाज अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या टेलिफोन केबलमधून पोर्थकॉलच्या सभागृहात पोचला.

हा केबलचा आवाज करायचा म्हणजे नटाचा माइक दोन चॅनेलवर घ्यायचा. एक स्वच्छ ठेवायचा, दुसऱ्यावर 300 हर्ट्‌झच्या खालचं आणि 3400 च्या वरचं कापायचं. खर्जातला मूळ स्वर 80–100 हर्ट्‌झला असतो, म्हणजे तोच उडतो. तरी कानाला खर्ज कळतो, कारण वरचे उपस्वर शाबूत राहतात आणि त्यांवरून मेंदू खालचा स्वर भरून काढतो. मात्र छोट्या नाट्यगृहात नटाचा खरा आवाज पहिल्या तीन रांगांना थेट ऐकू येतो आणि परिणाम मरतो. म्हणून इथे तो अर्ध्या आवाजात गातो, बाकीचं मी फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर, उचलते. नुसता फिल्टर लावून भागत नाही, हे नव्या ऑपरेटरना कितीदा सांगायचं!

वेल्समधल्या प्रयोगात पोर्थकॉलच्या लोकांच्या स्वागतगीताचा कोरस सुरू झाला. तो ट्रॅक आम्ही बारा गायकांकडून तीनदा गाऊन घेऊन, थर लावून बनवलाय. दुसऱ्या ओळीला तिसऱ्या रांगेतले म्हातारे गायला लागले, मग अख्खं सभागृह. ओळ संपली की ते सावकाश श्वास घ्यायचे, ट्रॅक मात्र थांबत नव्हता. तिसऱ्या ओळीपर्यंत तो अर्धी मात्रा पुढे गेला आणि सगळा विचका व्हायला लागला.

एक तर ट्रॅक चढवून लोकांना ओढायचं, नाहीतर तो काढायचा. मी चार सेकंदांत फेडर खाली घेतला. पण पुढचा प्रकाशबदल ट्रॅकच्या वेळेला ऑटोफॉलोने बांधलेला होता, म्हणजे वेळ भरली की तो आपोआप होणार. ट्रॅक ऐकू येत नसला तरी काटा चालूच होता. सतरा सेकंद उरले असताना प्रकाशबदलाचा क्यू थांबवला, नाहीतर लोक गात असताना अंधार झाला असता. पियानोवादकाने हात मांडीवर ठेवले. नट हेडफोन दाबून, डोळे मिटून ऐकत राहिला.

एकपात्री प्रयोगात ऑटोफॉलो नकोच, हे मी तालमीपासून सांगत होते. आता काढलाय. ट्रॅकवरून मात्र वाद मिटलेला नाही. दिग्दर्शकाचं म्हणणं, 1957 चे लोक म्हणजे तो ट्रॅक, तो हलकासा तरी राहायला हवा होता. मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. फेडर उतरतो त्या चार सेकंदांत सभागृहातला आवाज क्षणभर बिचकतो, मग सावरतो. सहा सेकंद घेतले असते तर कदाचित बिचकला नसता.