आधी कोणती डीपी? रब्बीची यादी करताना

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात मी वीज वितरणाचा कनिष्ठ अभियंता आहे. निधी थोडा आणि जळणारी रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) जास्त, त्यामुळे आधी कुठं हात घालायचा हा दरवर्षीचा प्रश्न. पूर्वी यादी तक्रारींवरून व्हायची. ज्या गावचे लोक कार्यालयात येऊन बसत, त्यांची डीपी, म्हणजे पंपांना वीज देणारं रोहित्र, यादीत वर. सातपुड्याच्या पायथ्याची गावं खालीच राहत, कारण रोजी बुडवून तिथून येणार कोण? त्यांचा त्रास कागदावर यायचाच नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

म्हणून उपकेंद्रातलं ११ केव्ही फीडरचं (तिथून रोहित्रांकडे जाणाऱ्या लाइनचं) लॉगबुक, जळालेल्या रोहित्रांची नोंदवही आणि डीपीनिहाय पंपांची यादी एकाच एक्सेलमध्ये आणायला घेतली. सगळ्यात जास्त वेळ नावं जुळवण्यात गेला. नोंदवहीत क्रमांक, ग्राहकयादीत वेगळंच नाव आणि वायरमनच्या तोंडी 'विहिरीजवळची डीपी'. वायरमन शेजारी बसले म्हणून ते जुळलं. शिवाय नोंदवहीत रोहित्र बदलल्याची तारीख होती, जळाल्याची नव्हती. पीक तर मधल्या दिवसांत सुकतं. ती तारीख वायरमनच्या डायऱ्यांतून काढली.

मग भाराचा हिशोब. १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्रावर ५ एचपीचे ३० पंप असले, तर १५० एचपी म्हणजे सुमारे ११२ किलोवॅट. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा भाग) ०.८ धरला की १४० केव्हीए झाले. हे मंजुरीच्या कागदावरचं. प्रत्यक्षात टाँगटेस्टर, म्हणजे तारेतला करंट मोजायचा चिमटा, आणखी वरचा आकडा दाखवतो. भूजल खोल गेलं, बोअर खोल गेले, आणि ३ एचपीच्या मंजुरीवर ५ ची मोटर बसली. त्यात ऑटोस्विच. वीज आली की सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि सुरुवातीचा करंट नेहमीच्या पाच-सहा पट ओढतात. अशा जागी दुरुस्त करून आणलेलं रोहित्र पुन्हा जळणारच. भार विभागायला तिथं दुसरं रोहित्र लागतं.

महिन्यांप्रमाणे मांडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. फीडर ट्रिप होतात (आपोआप बंद पडतात) जून-जुलैत, वाऱ्यानं फांद्या तारांवर आल्या की. रोहित्रं जळतात डिसेंबर-जानेवारीत, हरभरा-गव्हाचं ओलीत आणि आंबिया बहराचा ताण तोडणं (फुलोऱ्यासाठी पाणी तोडलेल्या संत्र्याला पुन्हा पाणी देणं) एकाच वेळी येतं तेव्हा. देखभाल मात्र सगळी मे महिन्यात, मान्सूनपूर्व. फांद्या मेमध्येच तोडाव्यात. तेल, सिलिका जेल, अर्थिंग आणि फ्यूज ऑक्टोबरात तपासावेत.

क्रम लावताना तक्रारींची संख्या काढून टाकली. जळण्याची शक्यता किती, आणि जळालं तर किती पंप किती तास बंद राहतील, या दोन्हींचा गुणाकार ठेवला. पायथ्याची गावं वर आली.

रस्त्याकाठच्या गावातले एक काका तावातावानं आले. "साहेब, आमची डीपी खाली काऊन गेली?" त्यांना पडद्यावर त्यांच्याच डीपीचा भार दाखवला, तो क्षमतेच्या आत होता. व्होल्टेज पडत होतं, कारण बहुतेक मोटरींना पॉवर फॅक्टर सुधारणारे कॅपॅसिटर नव्हते. "मंग हे आधी सांगाचं ना," म्हणाले आणि कोणत्या मोटरीला केवढा लागतो ते लिहून घेतलं.

वरिष्ठांनी ऑक्टोबरची तपासणी मान्य केली आहे. अतिरिक्त रोहित्रांचे प्रस्ताव याच क्रमानं पाठवले आहेत, मंजुरी यायची आहे.