अ‍ॅल्फ्रिस्टनच्या पाद्रीघराचा छेद काढताना

इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या जतनाचा अभ्यासक्रम करताना एखादी इमारत स्वतः मोजून तिचे नकाशे द्यावे लागतात. वर्गातल्या बहुतेकांनी चर्च निवडली. मला दगडापेक्षा लाकूड जास्त कळतं, म्हणून मी ईस्ट ससेक्समधल्या अ‍ॅल्फ्रिस्टन गावचं क्लर्जी हाउस घेतलं.

कुकमीअर नदीजवळ, सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी हे घर सुमारे सहाशे वर्षं उभं आहे. ओकचा सांगाडा, त्यात कुडाच्या भिंती, वर शाकारलेलं उंच छप्पर. पाद्री इथे राहायचे हे खरं, पण मुळात ते बहुधा एखाद्या सुखवस्तू शेतकऱ्याने बांधलं असावं. या भागात अशा बांधणीला ‘वील्डन हाउस’ म्हणतात.

मोजणीसाठी सकाळी, लोक यायच्या आधीची वेळ मिळाली. अट साधी होती : खिळा मारायचा नाही, लाकडाला शिडी टेकवायची नाही. त्यामुळे समपातळीची दोरी तिपाईंना बांधली आणि सगळ्या उंच्या तिच्यापासून घेतल्या. काटकोन या घरात शोधूनही सापडत नाही. खोलीच्या चार बाजू मोजून भागत नाही, दोन्ही कर्ण घ्यावेच लागतात. खांबांचा कल काढायला लेझरपेक्षा ओळंबा बरा, असं माझं मत झालं; लेझरचा ठिपका ओबडधोबड लाकडावर नेमका कुठे पडला, यावर दोघांचं एकमत होत नाही.

तळमजल्याचा नकाशा झाला, पण त्यातून काहीच उलगडेना. मधे मोठी खोली, दोन्ही टोकांना लहान खोल्या, एवढंच. मग छेद, म्हणजे घर उभं कापलं तर आतून कसं दिसेल त्याचं चित्र, काढायला बसले आणि तिथे खरा वेळ गेला. मधली खोली म्हणजे हॉल, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळा. अशा घरांत धुराडं नसायचं. हॉलच्या मधोमध जाळ पेटायचा आणि धूर वर चढून छपरातून वाट काढायचा. धुराला जागा हवी म्हणून हॉलवर माडी नाही. माडी फक्त दोन्ही टोकांना, तीही दर्शनी बाजूला भिंतीच्या पुढे काढलेली. सगळ्यावर छप्पर मात्र एकच. म्हणून हॉलसमोर वळचण अधांतरी पुढे येते आणि तिला वाकड्या लाकडांचे टेकू द्यावे लागतात. समोरून पाहताना हे टेकू मला निव्वळ शोभेचे वाटले असते.

हॉलची जमीन चुनखडीचा खडू कुटून, चोपून केलेली आहे आणि त्यावर आंबट दूध फिरवलेलं. कोकणातल्या सारवलेल्या पडवीत वाढल्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही, सोबतच्या मुलांना वाटलं. तुळईवर ओकचं एक पान कोरलंय. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं बोधचिन्ह त्यावरूनच सुचलं, असं म्हणतात.

ट्रस्टचा उल्लेख ओघाने आलाच आहे, तर : 1895 साली स्थापन झालेल्या या संस्थेने विकत घेतलेली ही पहिली इमारत. 1896 मध्ये, 10 पौंडांना. तोपर्यंत घर पडायला आलं होतं आणि ते वाचवण्यासाठी गावचे व्हिकर, म्हणजे चर्चचे पाद्री, बेनन यांनी खटपट केली. डागडुजी आल्फ्रेड पॉवेल या वास्तुकाराने केली, विल्यम मॉरिसने काढलेल्या जतनसंस्थेच्या मताने : जुनं आहे ते राखा, मोडलंय तेवढंच जोडा, नव्याला जुन्याचं सोंग देऊ नका.

या शेवटच्या नियमाने मला बराच घाम फोडला. जुनं लाकूड आणि नंतरचं लाकूड नकाशावर वेगळ्या रेघांनी दाखवायचं होतं. करवतीच्या खुणा, कुसाची भोकं, रिकाम्या खाचा बघत प्रत्येक तुकड्याचा निर्णय घेतला. रिकामी खाच दिसली की हमखास समजायचं, इथे कधीतरी दुसरं लाकूड होतं. काही वाशांचं वय ठरेना, ते मी कोरेच सोडले आणि बाजूला ‘अनिश्चित’ लिहिलं. परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच वाशांवर विचारले, आणि नकाशा स्वीकारला.