मोठ्या पडद्यावरचे ४.४ किलो

"साहेब, आठ होज आणि टॉवरचा वरचा मजला, ४.४ मध्ये भागणार नाही. आम्ही सातवर ठेवतो." अग्निशमनाच्या प्रशिक्षण वर्गात मागच्या बाकावरचे जुने यंत्रचालक (बंबाचा पंप चालवणारे) असं म्हणाले तेव्हा पडद्यावर ४.४ हा आकडा हातभर उंचीचा दिसत होता आणि निम्म्या वर्गाने तो वहीत उतरवलाही होता.

होजची (पाण्याच्या लवचिक पाइपांची) लांबी, उंची आणि प्रवाह टाकून पंपाचं प्रेशर किलोत, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किती किलो, काढायचं ॲप आम्ही फोनवर रोज वापरतो. पण वीस प्रशिक्षणार्थींनी एका फोनभोवती गर्दी करून शिकणं जमत नाही, म्हणून ते वर्गातल्या कॉम्प्युटरवर घेऊन प्रोजेक्टरला जोडायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली अँड्रॉइडची सोय ५ मार्च २०२५ ला बंद केली, त्यामुळे एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर अँड्रॉइड फोनसारखं चालणारं सॉफ्टवेअर, टाकणं आलं.

पहिली अडचण व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे एम्युलेटरला लागणाऱ्या प्रोसेसरच्या सोयीची. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलं की खाली ते चालू आहे की बंद हे दिसतं. आमच्याकडे बंद होतं. ते बायोसमधून, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधून, चालू करावं लागतं. इंटेलच्या मशीनवर व्हीटी-एक्स या नावाने शोधायचं, एएमडीवर एसव्हीएम. कार्यालयीन कॉम्प्युटरच्या बायोसला पासवर्ड असतो आणि तो ज्यांच्याकडे असतो ते जागेवर नसतात. त्यात अर्धा दिवस गेला. एका पासवर्डसाठी प्रशिक्षणाचा वर्ग ताटकळतो, ही गोष्ट मला अजून पटलेली नाही. रॅम ४ जीबी होती. एम्युलेटर सुरू होतो, पण सोबत ब्राउझर उघडा ठेवला की सगळं अडखळतं. ८ जीबी असेल तरच सुखाने चालतं.

दुसरी अडचण ॲप आणण्याची. वर्गाच्या मशीनवर कुणाचं खाजगी गुगल खातं नको, म्हणून फोनमधूनच एपीके, म्हणजे ॲपची फाइल, काढली. ती टाकली आणि ॲप उघडताच बंद पडलं. हल्ली बरीच ॲप तुकड्यांत येतात. मूळ फाइल एक, आणि प्रोसेसर, भाषा, पडद्याची घनता यांचे तुकडे वेगळे. नुसती मूळ फाइल आणली तर असंच होतं. सगळे तुकडे एकत्र घेतले तेव्हा चाललं.

खरी चूक यानंतर झाली, आणि ती माझी. ॲपची सेटिंग त्याच्या स्वतःच्या साठवणीत असतात, एपीकेबरोबर येत नाहीत. माझ्या फोनवर मीटर आणि लिटर निवडलेले होते. एम्युलेटर अमेरिकन इंग्रजीवर सुरू झाला, म्हणून ॲपने गॅलन आणि फूट धरले. प्रवाहाचं एकक मोठ्या अक्षरांत होतं, ते दिसलं. २० मिमी नॉझल (होजच्या टोकाचं तोंड) ३.५ किलोवर मिनिटाला साधारण ४९५ लिटर देतं. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणून १३० टाकले. (इथे ४.५४६ लिटरचा ब्रिटिश गॅलन धरला की प्रवाह सुमारे १७ टक्क्यांनी कमी पडतो आणि घर्षण, म्हणजे होजमध्ये वाया जाणारं प्रेशर, प्रवाहाच्या वर्गाने बदलतं. जुन्या पंपांच्या पाट्यांवर तोच गॅलन असतो, त्यामुळे ही चूक सहज होते.) पण लांबी आणि उंचीचं एकक रकान्याच्या उजव्या टोकाला फिकट राखाडी अक्षरांत होतं आणि खिडकी आडवी असल्याने ते कडेला कापलं गेलं होतं. मी आठ होजची लांबी १२० आणि टॉवरची उंची २० टाकली. माझ्या मनात मीटर, ॲपच्या लेखी फूट. ज्या आकड्यावर पाणी पोचणं अवलंबून आहे त्याचं एकक फिकट रंगात ठेवणाऱ्याने बंबावर उभं राहून ते ॲप एकदा तरी वापरायला हवं होतं.

ॲपचं सूत्र साधं आहे. घर्षण म्हणजे गुणांक गुणिले शेकडा गॅलनमधल्या प्रवाहाचा वर्ग गुणिले शेकडा फुटांतली लांबी. आमचा ६३ मिमीचा होज अडीच इंची समजला तर गुणांक २. १२० मीटर म्हणजे ३९४ फूट, म्हणून घर्षण १३.३ पीएसआय (प्रेशरचं अमेरिकन एकक), सुमारे ०.९४ किलो. दर दहा मीटर उंचीला १ किलो, म्हणजे २ किलो. नॉझलचे ३.५ धरून पंपावर ६.४ हवेत. फूट धरल्यामुळे घर्षण ०.२९, उंची ०.६१ आणि बेरीज ४.४.

पंप खरंच ४.४ वर ठेवला असता तर उंचीचे २ किलो वजा जाऊन नॉझल आणि घर्षण यांना मिळून २.४ उरले असते. नॉझलवर १.९ च्या आत, आणि पाणी ४९५ ऐवजी ३६५ लिटरच्या आसपास. चौथा हिस्सा पाणी कमी. धार दिसते, म्हणून खाली उभ्या यंत्रचालकाला शंका येत नाही. वर ब्रँच (नॉझल लावलेली नळी) धरलेल्याला पोच कमी पडल्याचं कळतं.

दुसऱ्या दिवसापासून एम्युलेटर सोडून स्क्रसीपी (scrcpy) या सॉफ्टवेअरवर आलो. यात ॲप फोनवरच चालतं, कॉम्प्युटर फक्त पडदा दाखवतो, त्यामुळे फोनची सेटिंग तशीच राहतात आणि बायोसला हात लावावा लागत नाही. फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करून केबल जोडायची आणि फोनवर आलेली परवानगी द्यायची. केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने काहीच दिसत नाही. शाओमीच्या फोनवर त्याच यादीतलं 'सिक्युरिटी सेटिंग्ज' लिहिलेलं दुसरं डीबगिंगही चालू करावं लागतं. नाहीतर चित्र दिसतं पण माउस चालत नाही. वर्ग सुरू होण्याआधी उंची १० आणि बाकी सगळं शून्य टाकतो. उत्तर १ किलोच्या जवळ आलं नाही तर एकक चुकलेलं आहे.

पण ६.४ आणि सात यांतला फरक उरलाच होता. यंत्रचालक सात उगाच म्हणणारे नाहीत. म्हणून ड्रिल टॉवरवर तेच आठ होज लावले, वर ब्रँचच्या आधी प्रेशरचा गेज बसवला आणि पंप ६.४५ वर ठेवला. वर ३.५ ऐवजी ३.१ आलं. म्हणजे घर्षण १.३५ किलो आणि प्रवाह ४६६ लिटर. उलट हिशेब केला तर गुणांक २ नाही, ३.२ निघतो. होज जुने आहेत, आतलं रबर खडबडीत झालंय. ॲपमध्ये गुणांक स्वतः भरायची जागा आहे. तिथे ३.२ टाकून ४९५ लिटरसाठी पुन्हा हिशेब केला. घर्षण दीड किलो, उंचीचे दोन, नॉझलचे साडेतीन.

बरोबर सात.